सत्तावीस फेब्रुवारीची सहा नावं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, २७ फेब्रुवारी २०२५ रोजी मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. मोबाइलवर घेतलेल्या रेकॉर्डिंगवरून उतरवलं आहे. दोनदा बोललेलं एकदा केलं, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आपल्या सोसायटीचे अध्यक्ष, सेक्रेटरी, महिला मंडळाच्या सगळ्या ताई-मावशी, आणि मागं गेटजवळ उभी असलेली तरुण मंडळी. पोरांनो, पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. माईकचा आवाज पलीकडच्या माग-शेडमुळे तसाही निम्माच पोचतोय.

सेक्रेटरीसाहेब आठ दिवसांपूर्वी घरी आले आणि म्हणाले, काका, यंदा पंचवीसावं वर्ष, भाषा दिनाला तुम्ही बोला. मी म्हटलं, अहो मी फिटर माणूस. इंजिनाचं बोलेन, कवितेचं काय बोलणार? तर म्हणाले, कशावरही बोला, मराठीत बोला म्हणजे झालं. त्यांनी हे कबूल केलेलं आहे, तेव्हा आता तक्रार करायची नाही.

आज कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. ते नाशिकचे. मी आज नाशिकच्याच दुसऱ्या एका माणसाबद्दल बोलणार आहे. तो गेला तोही याच तारखेला, २७ फेब्रुवारीला, सन २०१९. तो कवी नव्हता, हवाई दलात हेलिकॉप्टर उडवायचा. त्याचं नाव मी आत्ता विचारलं तर इथं बसलेल्या दीडशे माणसांत किती हात वर होतील? नको, हात वर करू नका. कुणाला लाज वाटावी म्हणून विचारत नाही. सहा वर्षांपूर्वी आपल्याच सोसायटीत या विषयावर एक वाद झाला होता. त्या वादात मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून टोचतंय, म्हणून आज उभा राहिलो.

आधी माझं थोडं सांगतो, नव्या बिऱ्हाडांना माहीत नसेल. मी अठराव्या वर्षी हवाई दलात भरती झालो. अधिकारी म्हणून नव्हे, एअरमन म्हणून. सैन्यात जसा जवान, तसा हवाई दलात एअरमन. पहिलं ट्रेनिंग बेळगावजवळ सांबऱ्याला. घरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण आईला वाटलं पोरगं विलायतेला गेलं. पुढची वीस वर्षं हेलिकॉप्टरच्या इंजिनावर काम केलं. उत्तरेत, ईशान्येत, कुठं कुठं. पेन्शन घेऊन आलो, एका सायझिंगमध्ये मेंटेनन्सला लागलो आणि ही सोसायटी झाली तेव्हा प्लॉट घेतला. त्या वेळी इथं रस्ता नव्हता. पावसाळ्यात स्कूटर मुख्य रस्त्यावर ओळखीच्या दुकानापुढं लावून चिखलातून चालत यायचो. ते सगळं स्मरणिकेत बाकीच्यांनी लिहिलेलंच आहे.

आता त्या दिवसाकडं येतो.

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाला सीआरपीएफचे चाळीस जवान गेले. २६ तारखेला पहाटे आपली मिराज विमानं बालाकोटला जाऊन आली. २७ ला सकाळी पाकिस्तानची विमानं आली, आपली उठली, आणि विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचं मिग पडून ते पलीकडं सापडले. हे सगळं इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. त्या दिवशी कबनूर-इचलकरंजीत मागावरची माणसंसुद्धा कांडी बदलता बदलता मोबाइल बघत होती. १ मार्चला रात्री अभिनंदन वाघ्याहून परत आले तेव्हा आपल्या गेटवर फटाके वाजले. त्यांच्या मिशीसकट मोठा फ्लेक्स लागला. मीही पेढे वाटले. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. माणूस शत्रूच्या तावडीतून जिवंत परत आला, आनंद होणारच.

पण त्याच १ मार्चला, दिवसा, नाशिकला गोदावरीच्या काठी स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. सरकारी इतमामानं, हजारोंच्या गर्दीत. नाशिककरांनी त्यांचं केलं. आपल्या टीव्हीवर मात्र ती बातमी आली आणि वाघ्याच्या कॅमेऱ्यांत वाहून गेली.

मी दुसऱ्या दिवशी कमिटीला सुचवलं, की फ्लेक्सवर खाली एक ओळ टाका, बडगामला गेलेल्या सहा जणांची नावं टाका. त्यावर एक जण म्हणाले, "काका, ते हेलिकॉप्टर आपोआप पडलं म्हणत्यात. तांत्रिक बिघाड. ते युद्धात कुठं आलं?" मी म्हटलं, बरं, चौकशी होऊ दे. ऑक्टोबरात चौकशीचं बाहेर आलं की हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं. त्या संध्याकाळी कट्ट्यावर विषय निघाला. तेच गृहस्थ, नाव घेत नाही, माझे मित्रच आहेत आणि आज समोर बसलेत, ते म्हणाले, "मग तर शहीद म्हणायचा प्रश्नच नाही. शत्रूनं मारलंच नाही की." आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे मी काहीतरी बोलावं म्हणून. मी चहा संपवला आणि उठून आलो. उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर दोन मिनिटांचं नव्हतं. आज अर्धा तास मिळालाय.

नेमकं काय झालं ते आधी सांगतो. जेवढं अधिकृतपणे मान्य झालं आणि चौकशीनंतर छापून आलं, तेवढंच.

श्रीनगरच्या तळावर हवाई दलाची १५४ हेलिकॉप्टर युनिट आहे. तिचं एक एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर त्या सकाळी उडालं. एमआय-१७ म्हणजे रशियन बनावटीचं वाहतुकीचं हेलिकॉप्टर. तीसेक जवान नाहीतर चार टन सामान उचलतं. त्याला तुम्ही हवेतला टेम्पो म्हणा, मला राग येणार नाही. आत सहा जण होते. दोन वैमानिक आणि चार एअरमन. सकाळी दहाच्या सुमारास बडगाम जिल्ह्यातल्या गारेंद कलान गावाजवळ शेतात ते कोसळलं. सहाच्या सहा गेले. जमिनीवर गावातला एक तरुण होता, तोही गेला. म्हणजे सात.

त्या वेळी आकाशात पलीकडं लढाई चालू होती. श्रीनगर तळावर हवाई संरक्षणाची यंत्रणा सज्ज होती. स्पायडर नावाची, इस्रायली बनावटीची, जमिनीवरून आकाशात मारा करणारी क्षेपणास्त्रं. तळाकडं हळू, खालून येणारं काहीतरी रडारवर दिसलं. ते शत्रूचं ड्रोन वगैरे असावं असा समज झाला. क्षेपणास्त्र सुटलं. आणि ते आपल्याच तळावरून थोड्या वेळापूर्वी उडालेलं, परत येत असलेलं हेलिकॉप्टर होतं.

४ ऑक्टोबर २०१९ ला हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल भदौरिया यांनी पत्रकारांसमोर सांगितलं, की ते आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं, ही आपली मोठी चूक होती, आणि आपण ती मान्य करतो. पुढं अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. २०२३ साली कोर्ट मार्शलनं एका अधिकाऱ्याला बडतर्फीची शिक्षा सुनावली, त्यावर कोर्टकचेरी होत राहिली. ते कायद्याचं काम आहे, मी त्यात पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, रडारवर आपलं आणि परकं ओळखू येत नाही काय? येतं. त्यासाठी प्रत्येक लष्करी विमानात एक यंत्र असतं, त्याला आयएफएफ म्हणतात. जमिनीवरचं रडार आकाशातल्या वस्तूला विचारतं, कोण तू? विमानातलं यंत्र ठरलेल्या कोडमध्ये उत्तर देतं, तुझाच. रात्री आपला वॉचमन टॉर्च मारून विचारतो, कोण हाय? आणि तुम्ही म्हणता, मी हो, बी विंगमधला. तसंच. उत्तर आलं नाही तर वॉचमन काठी उचलणार. उत्तर न देणारा प्रत्येक जण चोर असतो असं नाही. तो बहिरा असेल, फोनवर असेल. म्हणून चांगला वॉचमन दुसऱ्यांदा विचारतो, जवळ जाऊन बघतो, गेटवरच्या वहीत कोण बाहेर गेलंय ते पाहतो.

त्या दिवशी हेलिकॉप्टरचं हे यंत्र चालू नव्हतं असं चौकशीनंतर छापून आलं. आणि ओळख पटवण्याच्या बाकीच्या ज्या पायऱ्या असतात, टॉवरला विचारायचं, कुठलं विमान कुठं आहे याचा मेळ घालायचा, त्यांतही चुका झाल्या. म्हणजे एकाच माणसाची एकच चूक नव्हे. इथं मागवाले पुष्कळ बसलेत, तुम्हाला लगेच कळेल. बाणा तुटला की माग थांबवणारा काटा असतो. तो सारखा माग थांबवतो म्हणून कुणीतरी बांधून ठेवतो. जॉबर दुसऱ्या लाइनला असतो. मागवाल्याला आठ माग सांभाळायचे असतात. यातलं एकेक वेगळं झालं तर चार इंच कापड खराब होतं. सगळं एकदम झालं तर अख्खा तागा जातो. तिथं तागा नव्हता, सहा माणसं होती, एवढाच फरक, आणि तो फरक फार मोठा आहे.

मी चूक करणाऱ्यांची बाजू घेतोय असं कुणाला वाटेल. घेत नाही. पण मी एक गोष्ट सांगतो, आजवर घरीसुद्धा सांगितलेली नाही. बायको समोरच बसलीय, तिलाही आज कळेल.

नोकरीत असताना, कुठल्या युनिटात ते सोडा, मी एका हेलिकॉप्टरचं इंजिन तपासून झाकण लावलं आणि सही केली. आमच्याकडं पद्धत अशी, की हत्यारांचा एक फळा असतो. त्यावर प्रत्येक पान्याची, पक्कडीची आकृती रंगवलेली. काम झालं की प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर टांगायचं. एक आकृती रिकामी दिसली की हेलिकॉप्टर उडत नाही. कारण ते हत्यार इंजिनात राहिलेलं असू शकतं. त्या दिवशी एक आकृती रिकामी होती. आणि मला घाई होती, बर्फ सुरू व्हायच्या आत हेलिकॉप्टर वर पाठवायचं होतं, वर चौकीवर एक जण आजारी होता. माझ्या मनात आलं, असेल कुठंतरी हँगरमध्ये, जाऊ द्या. मी तोंड उघडणार इतक्यात आमच्या सार्जंटनं फळा बघितला आणि सगळं थांबवलं. दोन तास हेलिकॉप्टर उभं. झाकणं परत उघडली. वैमानिक संतापलेले. आणि तो छोटा पाना निघाला माझ्याच थंडीच्या कोटाच्या आतल्या खिशातून. मला शिक्षा झाली, व्हायलाच पाहिजे होती. आजारी जवान दुसऱ्या दिवशी खाली आला, वाचला. पण "जाऊ द्या" हे दोन शब्द माझ्या तोंडात आले होते, हे मी विसरलेलो नाही. पाना आत राहिला असता आणि हेलिकॉप्टर पडलं असतं, तर आतले लोक माझ्या चुकीनं मेले असते, शत्रूच्या गोळीनं नव्हे. मग ते कमी मेले असते काय?

हे माझ्या मित्राला त्या दिवशी द्यायचं उत्तर होतं.

आता जरा मागं जातो, कारण वाहतुकीच्या विमानांचं हे जुनंच दुखणं आहे. लढाऊ विमानाच्या वैमानिकाचा फोटो लागतो. जो दाणागोटा, रॉकेल, औषध, माणूस नेतो आणि आणतो, त्याचा लागत नाही. आपल्या भागात शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, घरटी सैनिक असलेलं गाव. आपल्याकडच्या कितीतरी घरांतले आजे-पणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. १९४४ साली मणिपूरमध्ये सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण वेढ्यात सापडली होती. पाणी नाही, दारूगोळा संपत आलेला. डकोटा विमानं वरून छत्र्या टाकत होती, आणि डोंगरमाथ्यावरची जागा एवढी लहान, की बरंचसं सामान जपान्यांच्या हातात पडायचं. तरी विमानं पुन्हा पुन्हा येत होती. त्या आघाडीवर पाऊस आणि डोंगर यांनी वाहतुकीची किती विमानं गिळली! ज्यांनी ती भाकरी खाल्ली ते म्हातारे परत आले आणि पारावर लढाईच्या गोष्टी सांगत बसले. भाकरी टाकणाऱ्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं, माहीत असण्याचं कारणही नव्हतं.

७ फेब्रुवारी १९६८. हवाई दलाचं एएन-१२ विमान चंदीगडहून लेहला निघालं. आत १०२ माणसं. हवा बिघडली म्हणून वैमानिक परत फिरला आणि रोहतांगच्या आसपास विमान नाहीसं झालं. पस्तीस वर्षं काहीच नाही. २००३ साली मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या लोकांना हिमनदीवर अवशेष दिसले. मग शोधमोहिमा. दर काही वर्षांनी बर्फ एखाद-दुसरं शव बाहेर देतं. परवाच, २०२४ च्या सप्टेंबरअखेर चार शवं मिळाली. त्यांतलं एक केरळातल्या तरुण जवानाचं. छप्पन्न वर्षांनी तो घरी आला. वाट बघणारे आईवडील तोवर गेलेले होते, भावंडांनी त्याला घेतलं.

आणि २२ जुलै २०१६. चेन्नईजवळच्या तांबरमहून एएन-३२ पोर्ट ब्लेअरला निघालं. २९ माणसं. बंगालच्या उपसागरावर रडारवरून गेलं. महिना-दीड महिना जहाजं, विमानं, पाणबुडी शोधत होती. काही नाही. सप्टेंबरमध्ये शोध थांबवला. त्यात आपल्या पुण्याजवळच्या निगडीचे फ्लाइट लेफ्टनंट कुणाल बारपट्टे होते, नॅव्हिगेटर. मोहिमा संपल्या तरी त्यांच्या घरच्यांना निरोप काय, तर मृत गृहीत धरले. गृहीत! गणितात ऐकलेला शब्द. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, समुद्राच्या तळाशी, ३४०० मीटर खोल, एका यांत्रिक पाणबुडीनं फोटो काढले, ते अवशेष त्याच विमानाचे निघाले. चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर.

बडगामचं तसं नाही. तिथं सगळं लगेच सापडलं, शेतात, लोकांच्या समोर. सापडायला उशीर लागला तो कारण.

आता निनाद मांडवगणे यांच्याबद्दल. मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझ्या निवृत्तीनंतर बारा वर्षांनी, २००९ मध्ये ते अधिकारी झाले. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये शिकले, नंतर औरंगाबादच्या एसपीआयमध्ये, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या. पोरांनो, हे ऐका, कारण आपल्या सोसायटीतल्या कुणाला माहीत नाही असं दिसतं. एसपीआय ही राज्य सरकारची संस्था आहे. दहावीनंतर परीक्षा घेऊन मुलं निवडतात, अकरावी-बारावी तिथंच करायची आणि एनडीएची तयारी. मागच्या वर्षी आपल्या दोन पोरांनी कुठल्या कुठल्या अॅकॅडमीला लाख-लाख रुपये भरले. आधी मला विचारायला काय झालं होतं? असो.

निनाद यांनी पुढं इंजिनिअरिंग केलं, हवाई दलात गेले, हेलिकॉप्टर घेतलं. गुवाहाटी, गोरखपूर अशा बदल्या झाल्या. श्रीनगरला ते नुकतेच, त्याच वर्षी गेले होते. वय तेहतीसच्या आसपास.

ते गेल्यावर त्यांच्या पत्नीचं बोलणं त्या वेळी मोबाइलवर फिरलं होतं. मोबाइलवर युद्ध खेळणाऱ्यांना त्या माउलीनं खडसावलं होतं, एवढाच जोश असेल तर सैन्यात भरती व्हा, निदान घरातल्या कुणाला तरी पाठवा, अशा अर्थाचं. घरात प्रेत आलेलं असताना एवढं शांतपणे बोलायचं म्हणजे काय असतं. मी ते आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. त्यावर दोन अंगठे आले. आणि लगेच खाली कुणीतरी मिशीच्या कटिंगची ऑफर टाकली. हसू नका, खरं आहे.

आता शब्दाचं बोलतो, आज भाषा दिन आहे म्हणून तरी. "शहीद" हा शब्द आपण इतका वापरतो, पण सरकारी कागदात तो नाही. लष्कराच्या कागदात दोन खाने असतात. एक बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईच्या कारवाईत गेलेला. दुसरा फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे आजारानं, अपघातानं गेलेला. कुटुंबाला काय मिळणार ते त्या खान्यावर ठरतं. म्हणजे "शहीद कोण" हा आपला कट्ट्यावरचा वाद सरकार घालतच नाही. तो आपला आपणच घालतो, चहा पिता पिता, दुसऱ्याच्या पोराबद्दल.

मराठीत म्हटलं तर आपल्याकडं "कामी आला" असा साधा, जुना शब्द आहे. बखरींपासून चालत आलेला. अमुक अमुक लढाईत कामी आले. कुणाच्या हातून, समोरच्या की मागच्या, पुढून की पाठीतून, ते त्या शब्दात विचारलेलं नाही. कामावर होता आणि कामी आला. माझ्या आजीच्या तोंडी हाच शब्द असायचा. मला तो पुरतो.

२६ जानेवारी २०२० ला दोन्ही वैमानिकांना मरणोत्तर वायुसेना पदक जाहीर झालं आणि बाकी चौघांचा मेन्शन इन डिस्पॅचेस म्हणून गौरव झाला. म्हणजे चूक मान्य करून चार महिने होत नाहीत तोवर दलानं त्यांचा सन्मान केला. ज्यांच्या हातून चूक झाली त्यांनाच हे कळलं, की मरणाऱ्याची किंमत मारणाऱ्यावरून ठरत नाही. आपल्या कट्ट्याला कळायला वेळ लागतोय.

आणखी एक, आणि मग आटोपतो. चहा थंड होतोय असं तिकडून खुणावतायत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. बडगामला सहाच महिने झाले होते. पंचगंगा कुठपर्यंत आली ते तुम्ही बघितलंय. शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. आपल्याकडं नातेवाईक येऊन राहिले होते, माझ्याच घरात अकरा माणसं. एका सकाळी शिरोळच्या बाजूला हेलिकॉप्टरचा आवाज आला. सगळी सोसायटी गच्चीवर. माझ्या व्याह्यांचं गाव पाण्यात होतं, विहीणबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी आकाशाकडं बघून हात जोडले आणि मला विचारलं, "त्यातली माणसं कुठली असतील हो?" मी म्हटलं, कुठलीही असतील, हरियाणाची, केरळची, नाशिकची. त्या म्हणाल्या, "त्यांच्या घरी कुणीतरी वाट बघत असंल." मी वीस वर्षं त्या यंत्राच्या पोटात तेल-ग्रीस खाल्लं, पण त्या सकाळी मला पहिल्यांदा जमिनीवरून तो आवाज कसा ऐकू येतो ते कळलं. आणि वर बघता बघता बडगामच्या त्या सहा जणांची आठवण झाली. तेही अशाच यंत्रात होते. आमच्याकडं आला असता तर असाच माणूस आला असता.

म्हणून कमिटीकडं माझं एक मागणं आहे. मागच्या मीटिंगमध्ये नवीन हॉलच्या भिंतीवर काय लावायचं यावर चर्चा झाली. अभिनंदन यांचा फोटो लावायचं ठरलंय. जरूर लावा. वीर चक्र मिळालेला माणूस आहे. त्याच्याच शेजारी, तेवढ्याच उंचीवर, सहा नावांची पाटी लावा. पाटीचा खर्च माझा. सर्वसाधारण सभेत ठराव लागेल हे मला माहीत आहे, तेव्हा कट्ट्यावरच्या माझ्या मित्रानं तो मांडावा आणि मी अनुमोदन देतो. ते मान हलवतायत. बघा, रेकॉर्ड झालंय.

आमच्या नोकरीत संध्याकाळी हजेरी व्हायची. नाव, हुद्दा घ्यायचे. तशी घेतो. कृपा करून कुणी टाळ्या वाजवू नका. मोबाइल खाली ठेवा, आणि जमेल त्यांनी उभं राहा.

स्क्वॉड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ, चंदीगड.

स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे, नाशिक.

सार्जंट विशालकुमार पांडे, वाराणसी.

सार्जंट विक्रांत सेहरावत, झज्जर.

कॉर्पोरल दीपक पांडे, कानपूर.

कॉर्पोरल पंकज कुमार, मथुरा.

आणि गारेंद कलानचा तो तरुण, जो त्या सकाळी आपल्याच गावात होता.